सुई कोणाच्या हातात? आजीच्या गोंदणापासून माझ्या टॅटूपर्यंत

इयरफोन लावले असतील तर जरा निवांत बसा, कारण आजचा भाग इतिहासाचा असला तरी त्याची सुरुवात माझ्या स्वतःच्या मूर्खपणापासून होते.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी, पहिला बोनस हातात आला त्या आठवड्यात, मी पुण्यात डाव्या हातावर टॅटू काढून घेतला. दुकान इन्स्टाग्रामवर सापडलं. फोटो भारी होते, ऑफर चालू होती, विषय संपला. दुसऱ्याच दिवशी रात्रभराचा रेल्वे प्रवास करून मी घरी, धामणगाव रेल्वेला आलो. गर्दीचा डबा, मे महिना, घामाने चिकटलेली बाही, खांद्यावरून हातावर घासणारी बॅग. चौथ्या दिवशी हात तापला, लाल झाला आणि टॅटूच्या कडेने पू दिसायला लागला.

आजीने हात पाहिला आणि म्हणाली, "काय करून आला रे हाताले? पिकला न थो!" मी म्हटलं, टॅटू आहे आजी, गोंदण. तिने लगेच विचारलं, "गोंदलं कोणं? नाव काय त्याचं? सुया पाह्यल्या होत्या काय त्याच्या?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. नाव माहीत नाही, सुया पाहिल्या नाहीत, आणि कोणी गोंदलं याचं उत्तर म्हणजे एक इन्स्टा हँडल. मी रोज ऑफिसात दुसऱ्यांचा कोड तपासतो. साधी लायब्ररी वापरायची तर ती कोणी लिहिली, शेवटची कधी अपडेट झाली, हे बघतो. आणि स्वतःच्या कातडीत कायमचा रंग भरणाऱ्या माणसाला मी एक प्रश्न विचारला नव्हता.

आजी शाळेची पायरी चढलेली नाही. तरी तिला हे तीन प्रश्न कुठून सुचले? आजचा भाग त्याच्यावर आहे.

आजीच्या हातावर काय आहे

आजीच्या उजव्या हातावर तुळस आहे, मनगटापाशी विंचू आहे आणि कपाळावर एक ठिपका. सगळं आता हिरवट-निळं दिसतं. मी लहानपणी समजायचो की तिला हिरव्या रंगाने गोंदलंय. तसं नाही. रंग काळाच होता, काजळीचा. काळे कण कातडीत खोल असले की वरून येणारा प्रकाश कातडीतून विखुरत जातो आणि आपल्या डोळ्यांना ते निळसर-हिरवट भासतात.

ती सात-आठ वर्षांची असताना, म्हणजे साधारण १९५० च्या आसपास, गावात गोंदणारीण आली. दिव्याच्या ज्योतीवर खापर धरून काजळी जमवायची, ती तेलात कालवायची, दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि टोचत जायचं. झालं की वरून हळद आणि तेल. मोबदला म्हणजे ज्वारी, आणि जमलं तर एखादं जुनं लुगडं.

हे फक्त आमच्या आजीचं नाही. मेळघाटातल्या म्हाताऱ्या कोरकू आणि गोंड बायकांच्या अंगावर अशी गोंदणं आजही दिसतात. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ आला. त्यात ओझा समाजाच्या बायका गोंड बायकांना गोंदून देतात अशी नोंद आहे. म्हणजे हे काम रिकाम्या वेळेचं नव्हतं, तो ठरलेल्या लोकांचा ठरलेला व्यवसाय होता. हात बसलेला असायचा आणि कला आईकडून मुलीकडे जायची.

बायका गोंदून का घेत? कोणी दागिना म्हणून, कोणी नजर लागू नये म्हणून, कोणी दुखणं कमी व्हावं म्हणून. पण सगळ्यांत जास्त ऐकू येणारं कारण एकच: सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं. जिच्याकडे सोनं नव्हतंच, तिच्यासाठी या वाक्याचं वजन किती असेल याचा विचार करा.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी आजीला विचारलं, तुला हवं होतं का गोंदण? ती हसली. "मले कोणं इचारलं? दोघीजणींनं धरून ठेवलं होतं. म्या बोंबलली लय." तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. लहान मुलीला धरून टोचणं हे आज आपण मान्य करणार नाही, आणि करूही नये.

पण मग ती पुढचं बोलली, ते महत्त्वाचं आहे. "आमची गोंदणारीण दरसाली येये. एखाद्या पोरीचा हात पिकला असता तं पुढच्या साली तिले गावात कोणं उभं केलं असतं?"

इथं मला तिच्या तीन प्रश्नांचं मूळ सापडलं. आजीला निवड नव्हती, पण तिच्या वतीने चौकशी करणारं अख्खं गाव होतं. सुई धरणारी बाई माहितीतली होती, परत येणारी होती, आणि तिचं काम गावातल्या प्रत्येक हातावर दिसत होतं, तेही दहा-वीस वर्षं जुनं. माझ्याकडे निवड होती, पण चौकशी करणारं कोणी नव्हतं. ते काम माझं होतं आणि मी केलं नाही.

मशीन आलं, ओळख गेली

१८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. आमच्या गावाच्या तर नावातच रेल्वे आहे. रुळांनी कापूस मुंबईला नेला तसं माणसांचं फिरणंही वाढवलं.

तिकडे अमेरिकेत थॉमस एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या पेनचं पेटंट मिळवलं. हे पेन कागदाला भराभर बारीक भोकं पाडायचं. त्या कागदावरून शाई फिरवली की खाली प्रत उमटायची. म्हणजे ते झेरॉक्सचं पूर्वज होतं, ऑफिसातलं यंत्र. पुढे १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने त्याच कल्पनेवर टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. कागदाऐवजी कातडी, एवढाच फरक. आज दुकानात जे घुंईऽऽ वाजतं, त्याचं खानदान हे असं आहे.

काही दशकांनी हेच यंत्र बॅटरीवर चालणारं होऊन आपल्या जत्रांमध्ये आलं. माझ्या लहानपणी एका जत्रेत मी पाहिलंय: जमिनीवर पोतं, त्यावर नमुन्यांचा बोर्ड, बाण घुसलेलं बदाम, ओम, विंचू, आणि रांगेत उभी पोरं. एकाचं झालं की सुई फडक्याला पुसायची आणि पुढच्याच्या हाताला लावायची. सगळ्यांना एकच शाई, एकच फडकं. आणि जत्रा उठली की तो माणूस कुठे गेला, कोणालाच माहीत नाही.

सुई जुनीच आहे. बदल झाला तो वेगात आणि ओळखीत. गोंदणारीणसुद्धा एकाच जुडग्याने पाच-सहा पोरी गोंदायची, त्यामुळे धोका तिच्याकडेही होताच. पण जत्रेतलं यंत्र दिवसभरात कितीतरी अनोळखी माणसांचं रक्त एकमेकांत मिसळू शकत होतं.

आणि रक्तातून काय जातं, हे जगाला उशिरा कळलं. १९६१ मध्ये न्यूयॉर्क शहराने टॅटू काढण्यावर चक्क बंदी घातली. कारण दिलं काविळीचं, म्हणजे हिपॅटायटिसचं. ती बंदी १९९७ पर्यंत टिकली. बंदी आली तेव्हा हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडलाही नव्हता. तो पुढे त्याच दशकात बारूख ब्लुंबर्ग यांच्या संशोधनातून हाती लागला आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे सोमवारच्या गिऱ्हाईकाकडून रविवारच्या गिऱ्हाईकाला.

इथं तुमच्या-माझ्या कामाची एक तारीख लक्षात ठेवा. आपल्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस २००२ पासून काही भागांत सुरू झाली आणि २०११ मध्ये देशभर पोचली. त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच जणांना ही लस मिळालेलीच नसते. मला मिळाली नव्हती. टॅटूचा विचार असेल तर आधी आईला लसीचं कार्ड शोधायला सांगा. नसेल तर डॉक्टरांना विचारून तीन डोस पूर्ण करा, मग सुईपाशी जा.

कातडीत नेमकं होतं काय

थोडं विज्ञान. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. रंग तिथे भरला तर महिनाभरात धुऊन जाईल. म्हणून सुई त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. जास्त खोल गेली तर रंग फुटतो, रेषा पसरते, वण राहतो. कमी गेली तर रंग टिकत नाही. चांगल्या कलाकाराचं कौशल्य या एका मिलिमीटरमध्ये आहे.

आता शरीराच्या बाजूने बघा. शेकडो भोकं पडलीत आणि आत परका पदार्थ घुसलाय. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळतात. ते पचत नाहीत, त्यामुळे पोटात ठेवूनच बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. टॅटू कायमचा राहतो तो या हस्तांतरामुळे. आजीच्या हातावरची तुळससुद्धा बहुधा अशीच सत्तर-पंच्याहत्तर वर्षं एका पेशीकडून दुसरीकडे जात आली आहे.

यातून समजायची गोष्ट साधी आहे. नवा टॅटू म्हणजे चित्र नाही, जखम आहे. ती वरून भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतून पूर्ण बसायला दोन-तीन महिने. दुकानातून बाहेर पडलो म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथे कलाकाराचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं.

कलाकाराला काय विचारायचं

आजीचे तीन प्रश्न मी जरा आजच्या भाषेत मांडतो.

पहिला, गोंदणार कोण? दुकानाचं नाव पुरेसं नाही, हातात मशीन कोणाच्या असणार ते विचारा. फोटो मागा, पण ताज्या टॅटूचे नकोत. ताजा टॅटू सगळ्यांचाच झकास दिसतो, वर चमक असते आणि फिल्टरही असतो. "वर्षभर जुने, भरलेले टॅटू दाखवा," असं म्हणा. रेषा तेव्हाही सुबक असेल तर हात बसलेला आहे. गावाला गोंदणारीणीचं काम कळायचं ते असंच, जुन्या हातांवरून.

दुसरा, सुया कुठे आहेत? सुई एकदाच वापरायची, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायचं, पाकिटावरची मुदत बघायची, आणि काम झाल्यावर ती कडक डब्यात टाकताना दिसली पाहिजे. मशीनचा जो भाग पुन्हा वापरतात तो ऑटोक्लेव्हमधून निघालेला हवा. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा मोठा भाऊ. दाबाखाली १२१ अंशांची वाफ. "आम्ही उकळत्या पाण्यात टाकतो" हे उत्तर चालणार नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत. हातमोजे नवे हवेत, आणि ते घालून मोबाईल उचलला तर पुन्हा बदललेले हवेत.

तिसरा प्रश्न आजीने विचारला नव्हता, मी जोडतो: शाई पातळ करायला पाणी कुठलं? हसू नका. २०११ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे, टॅटू काढलेल्या अनेकांच्या हातावर हट्टी पुरळ उठलं. दुकान स्वच्छ होतं. दोष निघाला आधीच तयार करून आलेल्या राखाडी शाईत. पाण्यात राहणारा एक जिवाणू तिच्यात होता. तेव्हा शाई छोट्या नव्या कपात ओतलेली हवी, उरलेली पुन्हा बाटलीत जायला नको, आणि पाणी निर्जंतुक हवं, नळाचं नाही.

एक चौथी गोष्ट. चांगला कलाकार तुम्हालाही प्रश्न विचारतो. वय अठरा पूर्ण आहे का? साखर आहे का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? जुन्या जखमेचा वण फुगून वर येतो का? दारू पिऊन आलात का? जो हे काही न विचारता "बस भाऊ, वीस मिनिटांत करून देतो" म्हणतो, तिथून उठा. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, तिथूनही उठा. वाईट वाटून घ्यायचं नाही, कातडी आपली आहे.

आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, हे नीट ऐका. सैन्यभरतीत टॅटू कुठे चालतो याचे नियम आहेत. हाताची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्यापुरती मुभा असते. आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाचा वेगळा विचार होतो. दंडावर मोठा वाघ काढण्याआधी ताजी जाहिरात वाचा. ग्राउंडवर दोन वर्षं घाम गाळायचा आणि मेडिकलला टॅटूसाठी बाहेर पडायचं, हे परवडणारं नाही. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर एक वर्ष थांबावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

घरी आल्यावर

आजीला गोंदल्यावर पाच दिवस नदीवर जाऊ दिलं नव्हतं आणि शेतातही नाही. तिला वाटायचं, पाण्यातलं भूत लागतं म्हणून. भुताचं माहीत नाही, पण साचलेल्या पाण्यात जिवाणू असतात आणि शेतात धूळ असते. नियम बरोबर होता, कारण वेगळं होतं.

आजचा नियम असा. हात लावण्याआधी आपले हात साबणाने धुवा. पट्टी किंवा फिल्म किती तास ठेवायची ते कलाकाराने सांगितलेलं असतं, तेवढी ठेवा. मग दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण. घासायचं नाही. स्वच्छ कपड्याने टिपून घ्यायचं. घरातला सगळ्यांचा टॉवेल नको. वर बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा अगदी पातळ थर. पोळीला तूप लावतो तसा थापायचा नाही. जखमेला हवा लागू द्या.

आठवड्याभरात खपली धरते आणि खाज सुटते, तीही भयंकर. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही. ओढली तर तिच्यासोबत रंगही येतो. जखम वरून पूर्ण भरेपर्यंत विहीर, नदी, स्विमिंग पूल बंद. उन्हात पूर्ण सुती बाही. सनस्क्रीन कातडी भरल्यावरच.

हळद लावू का, असं खूप जण विचारतात. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, उघड्या जखमेवर नको. आणि बिब्बा तर अजिबात नको! आपल्याकडे पायाच्या भेगांना बिब्बा लावतात, म्हणून सांगतो. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी उठते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना कपड्यांवरच्या धोब्याच्या खुणेने पुरळ उठायचं, आणि ती खूण बिब्ब्याची असायची. नुसत्या खुणेने ही गत, तर उघड्या जखमेचं काय होईल!

आपल्या वऱ्हाडासाठी माझा एक सल्ला. एप्रिल-मे टाळा. पंचेचाळीस अंशांत घाम थांबत नाही आणि जखम कोरडी राहत नाही. दिवाळीनंतरची थंडी बरी.

पहिले दोन-तीन दिवस लाली, सूज, थोडं पाझरणं हे चालतं. पण त्यानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर दुकानदाराला मेसेज करत बसू नका. डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी. फक्त एका रंगावर, विशेषतः लालवर, पुरळ आलं तर ती ॲलर्जी असू शकते, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ.

मी चौथ्या दिवशी गेलो ते आजीने हात धरून नेलं म्हणून. गावातल्या डॉक्टरांनी जखम साफ केली, अँटिबायोटिक दिली आणि रक्त तपासायला सांगितलं. एक तपासणी लगेच, एक तीन महिन्यांनी. कारण काही आजार रक्तात लगेच दिसत नाहीत. ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी कोणालाच सांगितलं नाही. रात्री फोनवर नको ते वाचत बसायचो. रिपोर्ट नीट आले. टॅटूची एक कड मात्र कायमची पुसट झाली आणि तिथे बोटाला लागेल असा वण आहे.

परवा सुट्टीत गेलो तेव्हा आजीच्या शेजारी हात ठेवून बसलो होतो. तिची तुळस पसरलीय, रेषा जाड झाल्यात, पण एकही वण नाही. गोंदणारीणीचं नाव तिला अजून पाठ आहे. माझ्या दुकानाचं अकाउंट मी शोधलं, ते आता बंद आहे.

तेव्हा टॅटू काढू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः दुसरा काढणार आहे, हिवाळ्यात. तीन दुकानं फिरलोय, दोन ठिकाणाहून उठून आलोय. तिसऱ्या ठिकाणी कलाकाराने मलाच उलट विचारलं, "हा जुना वण कसा आला?" सगळं सांगितलं. म्हणाला, आधी सहा आठवडे थांब, लसीचा शेवटचा डोस होऊ दे, मग ये.

त्याचं नाव मी आजीला सांगून ठेवलंय.

तुमच्या आजीच्या हातावर काय गोंदलंय, आणि ते कोणी गोंदलं, हे या आठवड्यात तिला विचारा. जमलं तर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!